तलंगांना नव्या खुराड्याची सवय लावताना

आठ आठवड्यांची तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी, दिसायला चांगली मोठी झालेली असते. अंगावर पिसं पूर्ण आलेली असतात, पायात जोर असतो, खाण्याला हावरी असते. पण नव्या जागेत आणून सोडली की रात्रीचं घर कुठलं, हे तिला कळत नाही. बरेच जण इथेच घाई करतात. संध्याकाळी पक्षी आणायचे, खुराड्यात कोंडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडायचं. मग तिन्हीसांजेला निम्म्या तलंगा लिंबाच्या फांद्यांवर, दोन-चार गोठ्याच्या वळचणीला, एखादी बोराटीच्या जाळीत. सकाळपर्यंत मुंगसाने किंवा रानमांजराने त्यातल्या दोन-तीन नेलेल्या असतात.

कोंबडी दिवसभर कुठे फिरते यावरून तिचं घर ठरत नाही. ती रात्री जिथे बसते ते तिचं घर. म्हणून सारी मेहनत घ्यायची ती पहिल्या चार-पाच संध्याकाळी. बाकीचं काम त्या संध्याकाळींची तयारी म्हणूनच करायचं.

इथे हिशोब २५ माद्या आणि ३ नर अशा २८ पक्ष्यांचा धरला आहे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतला तलंग गट एवढाच असतो, आणि घरापुरतं पाहून चार अंडी विकणाऱ्या कुटुंबालाही तो झेपतो. जात गिरिराज, वनराज, कावेरी, सातपुडा, कडकनाथ कुठलीही असो, पद्धत तीच. फरक एवढाच की गावठी आणि कडकनाथ उडायला चपळ, त्यांच्यासाठी जाळी उंच लागते. गिरिराज-वनराज अंगाने जड, त्यांच्यासाठी रात्री बसायची दांडी खाली लागते.

आणण्याआधी विक्रेत्याला काय विचारायचं

वय सहा आठवड्यांच्या आत असेल तर उघड्या खुराड्यात हलवू नका. मान, पाठ आणि पंखांखालचा भाग हाताने चाचपून पाहा. तिथे लव संपून खरी पिसं आलेली असली पाहिजेत. कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये तीन-चार आठवड्यांनंतर पिल्लांना कृत्रिम ऊब लागत नाही. नाशिक-निफाडच्या जानेवारीत मात्र सहावा आठवडाही कधी कमी पडतो. आठ ते दहा आठवडे हे वय सगळ्यात सोयीचं.

लसीकरणाचा तपशील तारखांसह लिहून घ्या. सर्वसाधारण क्रम असा असतो: पहिल्या दिवशी मरेक्स, पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गंबोरो, चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचीच आर-टू-बी. ही शेवटची लस जोरकस असते. टोचल्यावर काही दिवस पक्षी मलूल राहतात. त्यामुळे लस आणि जागाबदल एकाच आठवड्यात करू नका, मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. लस दिलेली नसेल तर आधी पक्षी रुळू द्या, मग पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या.

खाद्य कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या टप्प्याचं चालू आहे हे विचारा आणि त्यातलंच १० ते १५ किलो सोबत घ्या. हा खर्च टाळू नका. जागा, पाणी, माणसं सगळं एकदम बदलत असताना निदान खाणं तेच राहिलं पाहिजे.

रात्री दिवा चालू असतो का, हाही प्रश्न विचाराच. ब्रूडरच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीच्या, बल्बखाली वाढलेल्या पिल्लांनी खरा अंधार कधी पाहिलेलाच नसतो. अशा तलंगा नव्या खुराड्यात आल्या आणि दिवा गेला, किंवा भारनियमनात अचानक काळोख झाला, की सगळ्या एका कोपऱ्याकडे धावतात, एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. सकाळी अंगावर एकही जखम नसलेल्या पाच-सहा तलंगा कोपऱ्यात मेलेल्या सापडतात, आणि लोक साप फिरला म्हणतात. यावर उपाय सोपा आहे. हलवण्याच्या आठवडाभर आधीपासून विक्रेत्याकडेच रात्री बल्ब बंद ठेवायला सांगा. ते जमणार नसेल तर आपल्याकडे पहिल्या काही रात्री झिरोचा दिवा लावायची तयारी ठेवा.

खुराडं आणि आवार

पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला खुराड्यात २ चौरस फूट जागा धरा. २८ पक्ष्यांना ५६ चौरस फूट, म्हणजे ८ बाय ७ फुटांचं खुराडं. आता ते मोठं वाटेल, पण दोन महिन्यांत भरून जातं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन थेट आत घुसत नाही. जोतं जमिनीपासून दीड फूट उंच हवं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पत्र्याची वळचण तीन फूट बाहेर काढा, नाहीतर आषाढातली तिरपी झड जमिनीवरच्या तुसाच्या गादीपर्यंत पोचते. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवताच्या पेंढ्या अंथरून बांधा. उघडा पत्रा मे महिन्यात खुराड्याची भट्टी करतो.

भिंतींचा वरचा तिसरा हिस्सा जाळीचा ठेवा. थंडीत वाऱ्याच्या बाजूला गोणपाट सोडा, पण वर अर्धा फूट मोकळा राहू द्या. हवा खेळते की नाही हे पाहायला सकाळी दार उघडून आत पक्ष्यांच्या उंचीवर उकिडवं बसा. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबलं तर अमोनिया साठतो आहे. उभ्याने तो तुम्हाला जाणवत नाही, तलंगा मात्र रात्रभर त्यातच श्वास घेतात.

जाळीच्या बाबतीत काटकसर नको. षटकोनी कोंबडीजाळी पक्ष्यांना आत ठेवायला पुरते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो. एक इंची भोकांतून उंदीर आणि लहान साप सहज आत येतात. खुराड्याच्या खालच्या तीन फुटांत आणि सगळ्या झरोक्यांना अर्धा इंची वेल्डमेश (सांधे जोडलेली जाड तारेची जाळी) लावा. आवाराला षटकोनी जाळी चालेल, सहा फूट उंच, आणि वरूनही जाळी हवी. आठ आठवड्यांच्या तलंगेला घार-शिकऱ्याचा धोका लहान पिल्लांइतका नसतो. पण घारीची सावली पडली की सारा कळप घाबरून कुंपणावर आदळतो, आणि वर मोकळं असेल तर त्या गोंधळात दोघी-तिघी बाहेर उडतात.

मुंगूस आणि घूस खालून येतात. आवाराच्या जाळीचा खालचा दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा वळवा आणि त्यावर माती-दगड दाबा. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी कडेशी उकरायला लागतो, तिथे त्याला जाळी लागते आणि तो सोडून देतो. दाराला नुसती फिरती पट्टी ठेवू नका. कडी-कोयंडा बसवा आणि त्यात खिळा किंवा कुलूप अडकवा. आवाराची जागा एका पक्ष्याला १० चौरस फूट धरली तर १४ बाय २० फूट पुरेसं होतं. त्यातल्या एक तृतीयांश भागावर सावली हवी. झाड नसेल तर हिरवी शेडनेट ताणा.

खुराडं जुनं असेल तर आधी गोचीड तपासा. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत, दांडीच्या सांध्यात, भिंतीच्या पोपड्यांत दडते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा पक्ष्याच्या अंगावर काहीच दिसत नाही, म्हणून लोक फसतात. फटीत चाकूचं टोक घालून बघा. सपाट, करड्या-तपकिरी, मसुराच्या डाळीएवढ्या गोचिडी निघाल्या तर सगळ्या फटी ज्योतीने भाजून काढा, सिमेंटने किंवा लांबीने बुजवा, मग चुन्याची सफेदी मारा आणि आठवडाभर खुराडं उन्हात उघडं ठेवा. दांड्या जुन्या असतील तर जाळून टाका, नव्या घाला.

जमिनीवर भाताच्या तुसाची तीन इंच गादी. ८ बाय ७ फुटांना साधारण चार मोठी पोती लागतात. तूस कोरडं आणि बुरशीच्या वासाविना असावं. त्याखाली चुन्याची पातळ भुकटी भुरभुरा. चारही कोपरे पुठ्ठ्याने किंवा तट्ट्याने गोलसर करून घ्या. ९० अंशाचा कोपराच राहिला नाही तर चेंगरायला जागा उरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हे तट्टे काढता येतात.

दांडीसाठी दीड-दोन इंच रुंदीचं, कडा घासून गोल केलेलं लाकूड घ्या. सोललेला, गाठी तासलेला बांबूही चालतो. लोखंडी नळी नको. थंडीत ती गारठते, उन्हाळ्यात तापते आणि पाय घसरतो. एका पक्ष्याला ८ इंच धरले तर २८ पक्ष्यांना जवळपास १९ फूट, म्हणजे ७ फुटांच्या तीन दांड्या. तिन्ही एकाच उंचीवर, एकमेकींपासून सव्वा फुटावर बसवा. शिडीसारख्या चढत्या लावल्या की सगळ्यांना वरचीच हवी असते आणि रोज संध्याकाळी मारामारी होते. सुरुवातीला उंची एक फूट ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी दोन फुटांवर न्या. खाचा आधीच करून ठेवल्या की काम पाच मिनिटांचं.

अंडी घालायचे खोके आत्ताच लावलेले असतील तर त्यांची तोंडं पोत्याने बंद करा. तलंगेला अंधारा, अरुंद कोनाडा झोपायला फार आवडतो. एकदा का ती खोक्यात झोपू लागली की पुढे अंडी घाणीत पडतात आणि ती सवय मोडता मोडत नाही.

आणण्याचा दिवस

निघण्याआधी तीन-चार तास खाद्य बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उन्हाळ्यात १०, हिवाळ्यात १२ पक्षी. क्रेटच्या तळाशी पाचट किंवा गोणपाट घाला, नाहीतर वळणांवर पाय घसरून सांधे दुखावतात. प्रवास पहाटे किंवा चारनंतर करा. उन्हाळ्यात गाडी वाटेत उभी करून चहाला थांबू नका. गाडी चालू असते तोवर वारा लागतो, थांबली की मधल्या क्रेटमधले पक्षी दहा-पंधरा मिनिटांत धापा टाकू लागतात.

दिवस मावळायच्या दीड-दोन तास आधी पोचायचं असं गणित बसवा. याहून लवकर पोचलात तर पक्षी बावरून इकडेतिकडे धडका देत बसतात. उशीर झाला तर अंधारात त्यांना पाणी सापडत नाही आणि ते तहानलेलेच झोपतात.

पहिली संध्याकाळ

खुराड्यात पाणी आणि खाद्य आधीच भरलेलं असू द्या. २८ पक्ष्यांना पाण्याची ५ लिटरची दोन भांडी आणि खाद्याची दोन टांगती भांडी पुरतात. एकमेकांपासून दूर ठेवा, म्हणजे एखादा दांडगट नर दोन्ही अडवून बसू शकत नाही. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. त्याखाली असेल तर तूस उडून पाण्यात पडतं. पहिल्या पाण्यात लिटरला चमचाभर गूळ किंवा पाकिटावरच्या प्रमाणात इलेक्ट्रोलाइट घाला. चार तासांत संपेल एवढंच करा, कारण गुळाचं पाणी उन्हाळ्यात आंबतं.

तलंगा क्रेटमधून ओतू नका. एक-एक करून दोन्ही हातांत धरून काढा आणि पाण्याच्या भांड्याजवळ सोडा. पहिल्या पाच-सहा जणींची चोच हलकेच पाण्याला लावा. त्या प्यायला लागल्या की बाकीच्या बघून शिकतात. काढता काढता प्रत्येकीचे डोळे, नाकपुड्या, पाय आणि शेपटीखालची पिसं पाहून घ्या. शेपटीखाली शीट चिकटलेली, डोळ्यांत फेस किंवा श्वासाला घरघर असेल तर ती वेगळी ठेवा, आत सोडू नका.

मग बाहेर या, दार लावा आणि जाळीशी गप्प उभे राहा. उजेड कमी होऊ लागला की कळप एकत्र यायला लागतो. आवाज बदलतो. आधीची तीक्ष्ण, तुटक चिवचिव बसत जाते आणि घशातली मऊ कुरकुर सुरू होते. एखादी दांडीवर उडी मारते, तोल सावरते, पुन्हा खाली येते. अशी कुरकुर ऐकू आली आणि सगळ्या पसरून बसल्या तर पहिली रात्र नीट जाणार. चिवचिव थांबतच नसेल, सगळ्या एकाच भिंतीला दाटत असतील, तर थंडी, उघडा वारा किंवा घुशीसारखं काहीतरी त्यांना त्रास देतं आहे. ते शोधा.

अंधार झाल्यावर अर्ध्या तासाने बॅटरीला लाल कागद लावून आत जा. कोपऱ्यात ढीग झाला असेल तर हाताने हळूच वेगळ्या करा आणि उचलून दांडीवर बसवा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे ती जिथे बसवाल तिथे बसून राहते. दांडीला पायाची बोटं आवळली गेली की मगच हात सोडा. बसवताना पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबलात तर ती शांत होते. त्याच रात्री निजण्याआधी आणखी एकदा फेरी मारा. चेंगरून जाणारे पक्षी बहुधा याच पहिल्या रात्री जातात.

झोपायच्या वेळी गळ्याखालची थैली दोन-चार जणींची चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पोटात अन्न-पाणी गेलं आहे. रिकामी लागली तर उद्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्याकडे लक्ष द्या.

दुसरा ते चौथा दिवस: दार बंद

हे तीन-चार दिवस तलंगा खुराड्यातच राहतील. लोकांना हे क्रूर वाटतं, समोर एवढं आवार रिकामं पडलेलं असताना. पण याच दिवसांत त्यांना पाण्याची जागा, दांडी, दाराची दिशा आणि तुमचा आवाज पाठ होतो. मेथी किंवा शेवग्याचा पाला जुडी करून टांगा. टोचायला काम मिळालं की एकमेकींची पिसं ओढायचं सुचत नाही.

रोज संध्याकाळी एकाच वेळी, अंधार पडायच्या तासभर आधी, पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी किंवा मक्याची भरड खडखडवा आणि तीच एक हाक देत आत टाका. "बा-बा-बा", "ती-ती-ती", घरात जी चालत असेल ती. हाक घरातल्या सगळ्यांनी एकच वापरावी. चौथ्या दिवशी डब्याचा आवाज आला की त्या पायांशी धावत येतात. याच सवयीवर पुढे दार उघडायचं आहे, त्यामुळे ती पक्की होण्याआधी घाई नको.

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असेल तर दिवसभर कोंडून ठेवणं धोक्याचं. चोच उघडी, पंख अंगापासून फाकलेले, धाप लागलेली दिसली की उष्णतेचा त्रास सुरू झाला. खिडक्यांना ओलं गोणपाट लावा, पाणी दर दोन तासांनी बदला, दुपारचं खाद्य काढून घ्या आणि सकाळ-संध्याकाळच घाला. तरीही धाप थांबत नसेल तर आवारातला दाराजवळचा ६ बाय ६ फुटांचा सावलीतला तुकडा जाळीने वेगळा करून तेवढाच उघडा.

पहिल्यांदा दार उघडताना

पाचव्या दिवशी, संध्याकाळी. सकाळी अजिबात नाही. सूर्य मावळायला तासभर असताना दार उघडा आणि बाजूला व्हा. हाकलून बाहेर काढू नका. पहिली दहा मिनिटं त्या उंबऱ्यावरच माना ताणून उभ्या राहतील. एखादी धीट बाहेर येईल, दोन चोची मारून परत आत पळेल. आपण दार ओळखून बाहेर आलो आणि त्याच दारातून परत गेलो, हे तिने स्वतःच्या पायांनी शिकलं पाहिजे. तासाभरात त्या फार लांब जात नाहीत, आणि उजेड कमी झाला की ओढ आतलीच असते. पंधरा मिनिटं उरली असताना डबा खडखडवा, दाणे खुराड्याच्या आतच टाका. बाहेर कधीच नको.

दोन-चार जणी पहिल्या दिवशी दाराशी गोंधळतातच. दार कुठे आहे हे त्यांना दिसतं, पण आत अंधार आणि बाहेर उजेड असल्यामुळे त्या बिचकतात. आत मंद दिवा लावा, बाहेर अंधार पडू लागला की त्या उजेडाकडे जातात. उरलेल्यांना दोन्ही हात पसरून हळूहळू वळवा. पळापळ, ओरडा, काठी यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवशी त्या दाराला घाबरतील.

मग दर दिवशी दार तासाभराने लवकर उघडत जा. आठव्या-नवव्या दिवशी दुपारपासून, दोन आठवडे झाले की सकाळपासून. आवाराबाहेर, परसात किंवा शेतात सोडायचं असेल तर तीन आठवडे पूर्ण होऊ द्या, आणि त्याचीही सुरुवात संध्याकाळच्या तासानेच करा.

रोज रात्री डोकी मोजा. २८ म्हणजे २८. एक कमी असेल तर तेव्हाच बॅटरी घेऊन शोधा. झाडावर बसलेली असेल तर अंधारात उतरवून आत आणा. तीन-चार रात्री सलग उतरवून आणली की ती झाड सोडते. दोन रात्री तसंच राहू दिलं, तर तिचं घर ते झाडच झालं, आणि तिच्या मागे आणखी चार जातात.

आवारात काय घडतं

नव्या जमिनीबरोबर रक्ती हगवणीचा धोका येतो. या रोगाचे सूक्ष्म परजीवी कोंबड्यांच्या विष्ठेतून मातीत आणि तुसात उतरतात आणि ओल व ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. तलंगांना थोडी-थोडी ओळख होत गेली तर अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. एकदम ओल्या, आधी कोंबड्या राहिलेल्या आवारात दिवसभर सोडलं तर आजार उठतो. दार हळूहळू उघडायचं ते यासाठीही.

लक्षणं ओळखा: पिसं फुगवून, मान खांद्यात घेऊन, डोळे मिटून उभी राहणारी तलंग, खाणं कमी आणि शिटेत तांबूस किंवा चॉकलेटी रक्त. असं दिसताच ताजी शीट कागदात घेऊन पशुवैद्यकाकडे जा. बहुतेक वेळा पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते चालू असताना बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेवा. अँप्रोलियम परजीवीला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) मिळू देत नाही म्हणूनच काम करतं, आणि टॉनिकमधून तेच दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. त्याच वेळी ओली गादी काढून कोरडं तूस घाला.

गादी रोज वरखाली करा. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, सुटून पडला तर ठीक. ओल बहुतेक पाण्याच्या भांड्याखालीच होते. भांडं विटांवर आणि जाळीच्या तुकड्यावर ठेवलं की निम्मा प्रश्न मिटतो.

आवाराच्या कोरड्या, सावलीतल्या कोपऱ्यात धूळस्नानाचा खड्डा करा: २ बाय ३ फूट, ८ इंच खोल, दोन भाग बारीक माती, एक भाग वाळू, एक भाग चुलीची चाळलेली राख. उवांवर हा पहिला इलाज आहे. पावसाळ्यात त्यावर पत्र्याचा तुकडा लागतोच. चिखलाच्या दिवसांत त्याची गरज अधिक असते.

पावसाळ्यात डासांमधून देवी पसरते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड दिसू लागतात. आवाराच्या आसपास डबकी, टायर, नारळाच्या करवंट्या साठू देऊ नका.

खाद्य बदलणं

सोबत आणलेलं खाद्य पहिले पाच दिवस तसंच. सहाव्या दिवसापासून तीन भाग जुनं, एक भाग नवं ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य). मग दर दोन दिवसांनी प्रमाण वाढवत आठवडाभरात पूर्ण बदल. आठ आठवड्यांची तलंग दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे २८ जणींना पावणेदोन किलो. पाणी खाद्याच्या दुप्पट, साडेतीन ते चार लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाणी अचानक कमी झालं तर ते आजाराचं सगळ्यात पहिलं लक्षण असतं, खाणं कमी व्हायच्या आधी दिसणारं. म्हणून भांडी रोज मोजून भरा.

घरातला भात, भाकरी, भाजीचा कचरा संध्याकाळी द्या, दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तिखट-मीठ घातलेलं उष्टं टाळा. आवारात चरायला मिळत असेल तर बारीक खडी किंवा जाड वाळूचं एक भांडं ठेवा, पेषणीत दाणे दळायला ती लागते.

घरच्या जुन्या कोंबड्या असतील तर

नव्या तलंगा तीन आठवडे पूर्णपणे वेगळ्या, निदान ३० फूट दूर ठेवा. भांडी वेगळी, आणि रोजचं काम आधी जुन्यांचं, मग नव्यांचं. तुमच्या चपलांनीही आजार जातो, दाराशी एक वेगळा जोड ठेवा. तीन आठवड्यांत शिंक, हगवण, लंगडेपणा काही दिसलं नाही तर पुढचा टप्पा.

आता दोन कळपांमध्ये फक्त जाळी. आठ-दहा दिवस त्यांनी एकमेकींना बघायचं, जाळीतून ओरडायचं, फिस्कारायचं. दोन्हीकडचं खाद्य जाळीच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे शेजारी खायची सवय होते. तलंगा १२ ते १६ आठवड्यांच्या, जुन्यांच्या जवळपास अंगाच्या झाल्याशिवाय एकत्र करू नका. नऊ आठवड्यांची तलंग मोठ्या कोंबडीपुढे टिकत नाही.

एकत्र करायचं ते रात्री. जुन्या दांडीवर बसल्या की नव्यांना त्यांच्याच मध्ये, एक आड एक, बसवा आणि एकटी-दुकटी कधी घालू नका, निदान पाच-सहा एकदम. दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटायच्या आधी तिथे हजर राहा. खाद्य-पाण्याची जास्तीची दोन-दोन भांडी, आडोशाला टेकवलेला पत्रा, झुडपांच्या फांद्यांचा ढीग हे सगळं आधीच तयार हवं, पळणारीला लपायला जागा पाहिजे. तुऱ्याला दोन टोचे, पाठलाग, ओरडा हे चालायचंच, त्यात पडू नका. रक्त दिसलं मात्र तर ती तलंग लगेच बाहेर काढा. लाल रंग दिसला की सारा कळप तिथेच टोचतो. जखम धुऊन हळद-खोबरेल लावा आणि पूर्ण भरल्यावरच परत सोडा. सारखी मारणारी एकच कोंबडी असेल तर तिला चार दिवस वेगळी ठेवा. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो.

एकत्र कळपाला लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं आणि अंडं न घालणाऱ्या तलंगांच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो. सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडं घालणारी तो आपोआप खाते, तलंगा फारसं तोंड लावत नाहीत.

अठराव्या आठवड्याच्या सुमारास तुरे लालबुंद होतात, माणूस जवळ गेला की तलंगा पंख सैल सोडून खाली बसतात. तेव्हा खोक्यांची पोती काढा. पाच कोंबड्यांना एक खोका, एक फूट लांब-रुंद-उंच, दांडीपेक्षा खालच्या पातळीवर. आत कोरडा पेंढा आणि एक प्लास्टिकचं किंवा लाकडाचं अंडं. पहिलं खरं अंडं दिसलं की त्या आठवड्यापासून लेयर खाद्य हळूहळू मिसळायला घ्या.